परत दिलेला फोटो

दौंडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी वधू-वर सूचक केंद्र चालवत असे. आमच्या बौद्ध समाजातल्या स्थळांची एक जाडजूड फाईल आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या, एवढाच पसारा. रीत सरळ होती. मुलीचे वडील फोटो आणि बायोडाटा आणून देत. लग्न ठरलं की पेढे घेऊन येत, मी फाईलमधला फोटो काढून त्यांच्या हातावर ठेवी, ते खिशात घालून जात. विषय संपला.

पुढं इंटरनेट आलं आणि मला अवदसा आठवली. पुण्याच्या एका कंपनीकडून मी केंद्राची वेबसाइट करून घेतली आणि सगळी फाईल तिच्यावर चढवली. आपली स्थळं आता अमेरिकेतही दिसतात, असं मी येईल त्याला सांगत सुटले. अमेरिकेत बसून खुटबावची मुलगी कोण बघणार होतं, कुणास ठाऊक.

त्याच सुमारास खुटबावच्या एका आप्पांच्या मुलीचा साखरपुडा झाला, मुलगा मांडवगण फराट्याचा. आप्पा पेढे देऊन फोटो घेऊन गेले. आणि थोड्याच दिवसांत पडल्या चेहऱ्यानं परत आले. मुलाच्या चुलत्यानं शिरूरच्या सायबर कॅफेत तिचा फोटो पाहिला होता, त्याखाली 'योग्य वर पाहिजे'. साखरपुडा झाल्यावरही पोरगी दाखवताय का, म्हणून ती माणसं खवळली होती. फोटो निघाला नाही तर लग्न मोडलं, असा त्यांचा निरोप होता.

"ताई, फोटू तर तुम्ही माझ्या हातात दिला," आप्पा म्हणाले. "मंग तिथं ह्यो कुठनं आला?"

खरं तर मलाही आतून वाटत होतं की फोटो परत दिला म्हणजे तो सगळीकडूनच परत आला.

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, आम्ही साइट बनवली, आतला मजकूर तुमचा, कायद्यानं जबाबदारी तुमची. कायदा म्हटल्यावर मी तडक उठले. दौंडच्या कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. कॉम्प्युटरचा नवा कायदा आलाय खरा, पण पुस्तक अजून हातात पडलेलं नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, संमती घेतली होती का? मी म्हटलं, वडिलांनी स्वतः फोटो दिला. फाईलसाठी दिला की वेबसाइटसाठी? आता हे मला काय माहीत. शिरूरच्या दुसऱ्या वकिलांचं म्हणणं आणखी निराळं. फोटो ज्या स्टुडिओत काढला, हक्क त्या स्टुडिओवाल्याचा. डोक्याचा पार भुगा झाला. ज्या फोटोला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्याचा आता जो तो मालक निघत होता. रागही आला, पण कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

शेवटी कंपनीनंच वाट काढली. जिचा फोटो आहे तिच्या सहीचा अर्ज द्या, त्याच दिवशी काढून टाकतो. आप्पा तिथल्या तिथं सही करायला निघाले. मी म्हटलं, तुमची नाही चालत, तिचीच पाहिजे. त्यांना ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जीपनं तिला घेऊन आले.

एवढ्या धावपळीत ती मला पहिल्यांदाच दिसत होती. बी.ए. झालेली, शांत मुलगी. मी अर्ज पुढं ठेवला, पेन दिलं. तिनं उभ्यानंच सगळा अर्ज वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काढायला माझी सही लागतीया," ती म्हणाली. "टाकताना का न्हाई लागली?"

मी आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी माझ्याकडं.

"आन् न्हाई केली तर?"

"तर लगीन मोडंल," आप्पा म्हणाले.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते अर्जावर ठेवून दिलं. आप्पा एकदम खुर्चीत बसले. तेव्हा कुठं मी तिला विचारलं, "तुला हे स्थळ पसंत होतं का गं?" तिनं मानेनंच नाही म्हटलं.

फोटो पुढं बरेच दिवस वेबसाइटवर तसाच होता.