पडद्यावरच्या माणसाचा खांदा

मास्टरांचा उजवा खांदा एका साध्यासुध्या सकाळी शर्ट घालताना आखडला, तो आखडलाच. डावी बाही चढली, उजवी अर्ध्यावर थांबली आणि मास्टर आरशासमोर बुजगावण्यासारखे उभे राहिले.

“अगं, जरा ये इकडे,” ते म्हणाले.

बायको आली, तिनं बाही ओढली, आणि मास्टरांनी अशी काही आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी घाबरून गॅस बंद केला.

मास्टर म्हणजे कटिंग मास्टर. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं, हे त्यांचं काम. टेबल असं लांबरुंद की चार माणसं त्यावर खुशाल ताणून देतील. त्यावर कापडाचे थर एकावर एक चढवायचे, वर खडूनं आखायचं आणि मग विजेवरचं पातं ढकलत न्यायचं. पलीकडच्या कडेला आखायचं तर पोट टेबलाला टेकवून हात सरळ पुढे फेकावा लागतो. खांदा आखडलेल्या माणसाला ते टेबल म्हणजे नदीचा पलीकडचा काठ.

मास्टरांचा सगळा लौकिक काटकसरीचा. दुसऱ्या कुणाच्या बेतण्यातून रुमालाएवढे तुकडे उरायचे. यांच्या चिंध्यांतून बाहुलीचा झगासुद्धा निघाला नसता. हीच काटकसर अंगातही मुरलेली. डोळे फिरवून काम भागत असेल तर मान फिरवायची नाही. बायको म्हणायची, “यांना शिंक आली तरी हे आधी विचार करतात, एवढ्या जोरात द्यायची गरज आहे का.”

कारखान्याच्या मालकीणबाई तोंडावर बोलणाऱ्या. त्यांनी मास्टरांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगून टाकलं, “मास्टर, शाळा उघडायच्या आधीचं मोठं काम येतंय. तोवर शेजारच्या टेबलावरची बाई तुमचंही टेबल सांभाळेल. पण ते काम आलं की मला पलीकडच्या कडेला पोचणारा हात हवा. तुमचा पोचला तर टेबल तुमचं. नाही पोचला तर घरी नाही बसवणार मी तुम्हाला. बटणं तपासायला बसवीन.”

बटणं तपासायची! ज्या टेबलाशी उभं राहून त्यांचे केस पिकले, त्या टेबलाकडे पाठ करून, दोऱ्याची टोकं चिमटीत धरून बसायचं!

फिजिओ मॅडमनी व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर वर चढवायची. मास्टरांची मुंगी दिव्याच्या बटणापर्यंत जायची आणि तिथंच मुक्काम ठोकायची. दुखतंय म्हणून थांबायची तेवढीच कंटाळूनही. भिंतीत बघण्यासारखं असतं तरी काय?

मग मुलगी आली. सासरहून येताना पिशवीत एक खेळ घेऊन आली. टीव्हीला जोडायचा, प्रत्येकानं दोन हातांत दोन छोटे रिमोट धरायचे, आणि आपण हवेत ठोसा मारला की टीव्हीतला मुष्टियोद्धा समोरच्याला ठोसा मारणार. तिच्या कपाटात तो धूळ खात पडला होता.

“तू नाही का खेळत?” मास्टरांनी विचारलं. पोरगी मारामारीच्या खेळांतली पट्टीची. लग्नाआधी तिच्या अंगठ्यांनी घरातल्या रिमोटची बटणं झिजवली होती.

“छे! आम्ही बटणांवाले याला खेळच मानत नाही, बाबा. हा पाहुण्यांसाठी. जेवण झाल्यावर कुणी आत्या, कुणी काका उठतात, हात झाडतात, हसतात, घरी जातात. तुम्हीही तसेच झाडा. खांदा सुटेल.”

फिजिओ मॅडमनाही कल्पना पसंत पडली. “मस्त! रोज खेळा. हात चांगला लांब फेकायचा, वर न्यायचा. थोडं दुखणारच, तेवढ्यावरून थांबायचं नाही.”

पहिल्याच संध्याकाळी मास्टर बायकोकडून हरले. ती दिवसभर कँटीनमधली पातेली उचलणारी. तिनं पदर खोचला, रिमोट घेतले आणि गोधडी झटकावी तसे दोन्ही हात चालवले. डोळे मिटून. मधूनच किंचाळत. मास्टरांचा गडी आडवा झाला तरी तिचे हात थांबेनात.

“अगं पडला तो!”

“पडला? कधी?” ती धापा टाकत हसत सुटली. “अहो, काय मजा आहे! आमच्या कँटीनच्या मॅनेजरला समोर धरलं मी.”

मास्टरांना मजा वगैरे काही वाटली नाही. हरले होते ते. ती स्वयंपाकघरात गेली तसे त्यांनी रिमोट हातात घेऊन उलटसुलट पाहिले. हळू हात नेला, गडी हलला नाही. जोरात नेला, ठोसा बसला. मग हात जागेवर ठेवून नुसतं मनगट झटकलं, खडूची भुकटी बोटांवरून उडवतात तसं. पडद्यावर खणखणीत ठोसा बसला.

मास्टरांच्या भुवया कपाळात गेल्या. म्हणजे या यंत्राला हात दिसतच नाही! याला फक्त हिसका कळतो! आणि लोक इथं वेड्यासारखे अख्खा हात फेकतात?

त्यांनी खुर्ची ओढली. कोपराखाली उशी घेतली. जे कापडाचं केलं तेच ठोशाचं केलं, जेवढा लागतो तेवढाच.

त्यानंतर मास्टरांना कुणी अडवू शकलं नाही. बायको हरली, खालच्या मजल्यावरच्या बाई हरल्या, त्यांचे मिस्टर हरले. मग मुलीनं फोनवरून सांगितल्याप्रमाणे त्यांनी इंटरनेट जोडलं आणि कुठल्या कुठल्या गावचे अनोळखी लोक पालथे पडू लागले. मास्टरांनी पडद्यावर आपला म्हणून एक गडी बनवला होता. टकला, मिशाळ, दरवाजाएवढ्या पाठीचा. खेळात चढत जायच्या पायऱ्या होत्या. मास्टर चढत गेले, थेट अगदी वरच्या पायरीवर, जिथं पोचलेल्याला सोनेरी पट्टा मिळतो. तोंडातल्या तोंडात ते “डावा, डावा, उजवा” म्हणायचे. वाटायचं, एवढे ठोसे मारतोय म्हणजे खांदा आतल्या आत सुटत असणारच.

बायको म्हणाली, “अहो, जरा उभे राहून खेळा ना.”

“उभं राहून खेळणारे हरतात.”

“आणि बसून खेळणारे?”

“अगं, सोनेरी पट्टा दिसत नाही का तुला?”

तपासणीच्या दिवशी फिजिओ मॅडमनी त्यांचा हात धरून वर उचलला आणि मास्टरांनी पुन्हा तीच आरोळी ठोकली. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. हात होता तिथंच होता. उलट थोडा खालीच आला होता.

“खेळत नाही का तुम्ही?”

“रोज खेळतो, मॅडम!” मास्टर दुखावले. “वरच्या पायरीवर आहे मी.”

“मग असं कसं? पुढच्या वेळी खेळ इकडे घेऊन या. मला बघू दे.”

मास्टर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दवाखान्याच्या हॉलमधल्या टीव्हीला खेळ जोडला. कमरेला पट्टा बांधलेले, मानेला कॉलर लावलेले, गुडघा शेकत बसलेले सगळे पेशंट खुर्च्या वळवून बसले. मास्टरांनी उशी मागून घेतली. घंटा वाजली. त्यांचं मनगट पालीच्या जिभेसारखं लवलवलं आणि समोरचा गडी बघता बघता कोसळला. पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. कॉलरवाले आजोबा तर “वन्स मोअर!” ओरडले.

फिजिओ मॅडमही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग डोळे पुसून त्यांनी स्टूल ओढलं आणि मास्टरांच्या समोर येऊन बसल्या.

“मास्टर, तुमच्या टीव्हीतल्या माणसाचा खांदा झकास आहे हो. मला त्याच्यासाठी काहीच करावं लागणार नाही. तुमचा मात्र तुम्ही उशीवर ठेवलात.”

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मास्टरांनी रिमोट खिशात घातले, आणि ते खिशात कुठं घालतोय म्हणून पुन्हा बाहेर काढले.

मोठं काम आता तोंडावर आलं होतं. त्या संध्याकाळी मास्टर खुर्ची बाजूला सारून उभे राहिले. हात फेकला. कळ थेट कानात गेली. पुन्हा फेकला. तेवढ्यात समोरच्या अनोळखी माणसानं त्यांच्या मिशाळ गड्याला तीन-चार लगावल्या आणि मास्टरांचं मनगट आपोआप झटकलं गेलं. जिंकले. स्वतःवरच चिडून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. हरायची वेळ आली की कोपर मुकाट्यानं बरगडीला चिकटायचं आणि मनगट कामाला लागायचं.

त्यांनी हात टेकले आणि मुलीला फोन लावला.

“बाबा, तुमचा दोष नाही,” ती म्हणाली. “मन लावून खेळणारा माणूस कुठल्याही खेळात जवळची वाट शोधतोच. आमच्या बटणांच्या खेळात ती शोधणं हीच गंमत असते. पण यात जवळची वाट सापडली की अंग हलायचं थांबतं, आणि मग उरतं काय? म्हणून तर मी कपाटात टाकला होता. हा आईसारख्यांचा खेळ आहे.”

“म्हणजे मी आईसारखं खेळू? डोळे मिटून?”

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “काय वाईट आहे हो? माझे हात बघा, कुठंही पोचतात!”

मास्टरांनी फोन ठेवला. मग कपाटातून अस्तराच्या कापडाचा तुकडा काढला, डाव्या हातानं एक पट्टी कापली आणि ती टीव्हीच्या वरच्या कडेला चिकटवली. कुणाचा जोर किती उरलाय ते सांगणाऱ्या रेघा झाकल्या गेल्या. पायऱ्या झाकल्या गेल्या. सोनेरी पट्टासुद्धा.

“आणि घंटा वाजल्यावर मोठ्या अक्षरांत येतं त्याचं काय?” बायकोनं विचारलं.

“घंटा वाजली की पाठ करायची. दोघांनीही.”

असं सुरू झालं. दोघं उभे राहून हात फेकायचे, घंटा झाली की आज्ञाधारक मुलांसारखे भिंतीकडे तोंड करायचे, आणि बायको हात मागे नेऊन अंदाजानं बटण दाबायची. कोण जिंकलं हे कुणालाच कळत नसे. पहिले काही दिवस मास्टरांचा जीव कासावीस झाला. पण जिंकलो की हरलो तेच कळत नसेल, तर काटकसर करायची ती कशासाठी? मनगटाला कारणच उरलं नाही. दुखायचंच, पण दुखण्याची जागा रोज थोडी वर सरकत होती.

रविवारी मुलगी, जावई आणि व्याही जेवायला आले. व्याही ताडमाड उंच माणूस, मास्टरांपेक्षा डोकंभर वर. स्वभावानं हौशी. खेळ पाहताच बाह्या सारून उभे राहिले.

“चला व्याहीबुवा, आज सोडत नाही तुम्हाला!”

“पण पट्टी काढायची नाही,” मास्टर म्हणाले. “आणि घंटेनंतर मागे बघायचं नाही.”

“हा कुठला नियम? मग कळणार कसं?”

“नाहीच कळणार.”

एक डाव झाला. व्याही भिंतीकडे तोंड करून चुळबुळत होते. “अहो विहीणबाई, निदान कानात तरी सांगा!”

“मला कुठं माहीत? मीपण इकडंच बघतेय!”

दुसऱ्या डावात व्याह्यांना चेव आला. ते पुढे सरकले, मास्टरांच्या अगदी जवळ. मास्टरांनीही दात आवळले आणि आडवा, उंच, अख्ख्या हाताचा ठोसा फेकला. पडद्यावर काय झालं कुणी पाहिलं नाही. इकडे व्याह्यांचा चष्मा नाकावरून उडाला आणि सोफ्यामागे जाऊन पडला.

मुलीनं तोंडावर हात ठेवला. बायको तर पांढरीफटक पडली. मुलीच्या सासऱ्यांना, तेही जेवायला बोलावून! जावयाला काय करावं कळेना, तो चष्मा शोधायला सोफ्यामागे शिरला तो तिकडेच राहिला.

मास्टर मात्र स्वतःच्या हाताकडे बघत होते. तो अजून वरच होता.

“व्याहीबुवा,” ते हळूच म्हणाले, “किती उंच आहात हो तुम्ही!”

“अहो, माफी तरी मागा!” बायको कळवळली.

“मागतो, मागतो. पण आधी तुम्ही तसेच उभे राहा. हलू नका.” मास्टरांनी पुन्हा हात उचलला, सावकाश, जपून, आणि व्याह्यांच्या कानाच्या टोकाला बोट लावलं. “इथं! अगं बघ, इथं पोचला!”

व्याही क्षणभर डोळे मिचकावत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे खदाखदा हसले की खाली बसावं लागलं. “पोचला म्हणजे काय, चांगलाच पोचला! पण एवढं सांगा, डाव कोण जिंकलं?”

मोठं काम आलं त्या सकाळी मालकीणबाई टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं थर चढवून ठेवले होते, आणि उगाच कात्री पुसत ती इकडे बघत होती. मास्टरांनी पोट कडेला टेकवलं. हात पुढे नेला. अर्ध्यावर खांद्यानं कुरकुर केली. नेहमीप्रमाणे कोपर आत ओढावंसं वाटलं. टेबलाला वळसा घालून पलीकडून आखता येईल, हेही डोक्यात येऊन गेलं. मास्टरांनी डोळे मिटले आणि हात फेकला.

डोळे उघडले तेव्हा खडू पलीकडच्या कडेपासून चार बोटांवर होता. त्यांनी श्वास सोडला, टाचा उचलल्या, आणि ती चार बोटंही संपली. खडूची रेघ कडेनं सरळ निघाली.

“दुखतंय?” मालकीणबाईंनी विचारलं.

“दुखतंय,” मास्टर म्हणाले. “पातं लावायला सांगा.”

मालकीणबाईंनी घडी सोडली आणि पात्याचं बटण दाबायला स्वतःच भिंतीकडे गेल्या.