स्टेशनचा सरळ रस्ता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — आणि सरळच सांगतो, कारण फिरवून सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आमचं गाव नवं. जंगलातून रेल्वे आली, स्टेशन झालं, आणि स्टेशनसमोर पहिली चहाची टपरी मी टाकली. मग सायकल दुरुस्तीवाला आला, सलून आलं, धानाचे व्यापारी आले. आज चौकात उभं राहिलं की थेट फलाट दिसतो. नवखी माणसं म्हणतात, रस्ता काय सरळ काढलाय! मला अभिमान वाटतो — अजूनही वाटतो, हे लपवत नाही.

त्या रस्त्यात मोहाचं एक झाड होतं. आमच्याकडे जंगलातलं मोहाचं झाडही कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. फुलं गळायच्या दिवसांत ते घर झाडाखालचा पाला जाळून जमीन झाडून ठेवतं. झाडलेली जमीन दिसली की तिथलं फूल दुसरं कोणी उचलत नाही. हे झाड टोल्यावरच्या, म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या सोमीबाईचं. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

रस्त्याची आखणी करायला आलेले साहेब ती स्वच्छ जमीन बघून थांबले.

"हे झाड कोणाचं आहे का? असेल तर रस्ता वळवून घेऊ."

वळवला असता, तर माझी टपरी आडबाजूला पडली असती.

"कोनाचंच नाई साहेब," मी म्हणालो. "गुरं बसते इथी. गुराख्यानं झाडलं असन."

दुसऱ्या दिवशी सोमीबाई टोपली घेऊन आली, तेव्हा झाड आडवं झालेलं होतं. तिनं टोपली खाली ठेवली. मग माझ्याकडे वळली.

"काऊन गा भाऊ, तू तं इथीच होता ना? सांगतला नाई का, झाड माह्यं म्हणून?"

"सांगतलो ना बाई. खूप भांडलो. आयकते का ते लोकं?"

पहिलं खोटं टपरीसाठी होतं. आणि दुसरं — ते कशासाठी?

टपरीचं आता हॉटेल झालं आहे. सोमीबाई येते, बाकावर बसते आणि गिऱ्हाइकांना ऐकवते, "चाय पानचट करते हा. पन माह्या झाडासाठी साऱ्या गावात हाच एकटा भांडला."

दर उन्हाळ्यात आपल्या सख्ख्या भावाच्या झाडाखालचं मूठभर मोहफूल ती सगळ्यांत आधी मला आणून देते.

यंदाही आणलं. मी दोन्ही हात पुढे केले.