सहा तास थांबलेला चंद्र

कदमभाऊ क्लासचा जिना चढून आले तेव्हा मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. पेढ्यांचा पुडा नव्हता. मागे त्यांची मुलगी शैला होती.

"लग्न मोडलं," ते म्हणाले. "तुमच्या कागदाखाली फुरसं निघालं."

फुरसं म्हणजे आमच्या कातळावरचा दीड-दोन वितींचा विषारी साप. मी हसलो. ही माझी दुसरी चूक. पहिली त्या कागदातच होती.

१९८७-८८ साल असेल. रत्नागिरीत माळनाक्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यार्थी सहा, म्हणून पत्रिका छापून द्यायचा जोडधंदा: कोणत्याही तारखेला कुठला ग्रह आकाशात कुठे, हे सांगणारा प्रोग्रॅम. एका ठरलेल्या पुरातन दिवसापासून किती दिवस झाले ते मोजायचं, ग्रहाच्या वेगाने गुणायचं, काही दुरुस्त्या करायच्या. पंचांगाशी ताडून पाहिलं. शनी, गुरू, मंगळ, चंद्र, सगळे जागच्या जागी. मी बोर्डावर 'अचूक' लिहून टाकलं.

शैलाच्या जुन्या पत्रिकेत गावच्या जोशांनी चंद्र मघा नक्षत्रात लिहिला होता. मशीन म्हणालं, आश्लेषा. आश्लेषाची सून सासूला वाईट, असं लोक मानतात. या नक्षत्राची देवता सर्प.

"जोशांचं खरं धरू या का?" भाऊंनी तेव्हा घाबरत विचारलं होतं.

"जोशी पेंगले असतील. मशीन पेंगत नाही."

भाऊ सरळ माणूस. कोर्टात कारकून, कागद लपवणं रक्तात नाही. त्यांनी तो घड्यांचा लांब प्रिंटआउट संगमेश्वरला मुलाच्या घरी नेऊन दिला. मुलाच्या आईने तो देवासमोर ठेवला. सकाळी उचलला, तर खाली फुरसं. वेटोळं करून बसलेलं.

भाऊंनी हे सांगितलं तेव्हा भरदुपार होती, पण स्क्रीन दिसावा म्हणून मी खिडक्यांना काळे पडदे लावलेले. शैला हायस्कुलात गणित शिकवायची. ती खुर्ची ओढून बसली.

"सर, मी दुपारी दोनला जन्मले. सकाळी अकराला जन्मले असते तर चंद्र कुठे असता?"

वेळ टाकली. आकडा तोच.

"नऊला?"

तोच. शेवटच्या दशांशापर्यंत तोच. बारा, एक, पुन्हा दोन. हिरव्या अक्षरांत चंद्र पापणी न हलवता आमच्याकडे बघत होता.

"तीन करा."

तीन केले, आणि चंद्र सव्वातीन अंश पुढे. मधल्या वाटेवर तो कुठेच नव्हता.

"बंद करा हो ते," भाऊ दारातून म्हणाले.

"पेंगतंय की, सर, तुमचं मशीन," शैला म्हणाली.

भूत सापडायला दोन दिवस लागले. मशीन एका संख्येचे साधारण सातच आकडे धरायचं आणि दिवसांची मोजणीच सात आकडी. तासांना जागा जेमतेमच उरत होती. मशीन वेळ जवळच्या पाव दिवसावर नेऊन बसवायचं, म्हणून चंद्र दर सहा तासांनी एकदम उडी मारायचा. शनी-गुरू संथ, त्यांच्यात हे कळत नाही. आणि पंचांगातले ग्रह असतात पहाटे साडेपाचचे. ती वेळ नेमकी पाव दिवसाच्या टप्प्यावर पडते, म्हणून तेव्हा माझा चंद्र खरा असायचा. मी तपासला तो तेवढ्याच वेळेला. प्रोग्रॅममध्ये दिवसांच्या आकड्याच्या नावापुढे एक खूण घातली, मशीन दुप्पट आकडे धरू लागलं. चंद्र मघात आला. जोशी जागे होते.

भाऊंना घेऊन संगमेश्वर गाठलं. ओसरीवर उभा राहून चूक कबूल केली, नवा कागद पुढे केला. मुलगा आईकडे बघत राहिला. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"सायब, ह्यो कागद खरा असंल. पन फुरसा त्या कागदाखाली आला, त्येचा काय?"

जुना कागद त्यांनी चिमट्यात धरून परत दिला. लग्न मोडलं ते मोडलंच.

शैलाला सांगायला मी स्वतः गेलो. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मुलगा चांगला होता हो, सर."

परत येऊन बोर्डावरचं 'अचूक' पुसलं. तेव्हापासून कुठलाही प्रोग्रॅम मी अडनिड्या वेळा घालूनच तपासतो.

तो जुना कागद कपाटाच्या खालच्या खणात आहे. खण उघडायच्या आधी मी काठीने दोनदा ठोकतो.