सेठजींची चाल

उल्का देवतळे माणूस भेटला की आधी त्याचे पाय बघते. चेहऱ्याकडे नंतर, तेही सवड मिळाली तर. यात उद्धटपणा नाही, पोटापाण्याचा भाग आहे. ती ॲनिमेशन करते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि नवा रायपुरातल्या एका खाजगी कला महाविद्यालयात शिकवते. तिथले रस्ते इतके रुंद की पायी चालणारं कोणी दिसलं तर गाडी थांबवून बघावंसं वाटतं. त्यामुळे निरीक्षणाचा सगळा माल तिला जुन्या शहरातल्या बूढापाऱ्यातून, राहत्या गल्लीतूनच गोळा करावा लागतो.

वडील रेल्वेत होते. गोंदियाहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. उल्का हैदराबादच्या एका स्टुडिओत काही वर्षं दुसऱ्यांनी काढलेले राक्षस पडद्यावर पळवत होती. वडील गेल्यावर ती आईसाठी परतली. आई, मंदाकिनीबाई, सगळ्यांना सांगते की पोरीसाठी मी इथे अडकले. दोघींचंही खरं असावं.

वर्गात तिचा पहिला गृहपाठ ठरलेला: घरातल्या एका माणसाची चाल काढून आणा. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसत्या काड्या. एकदा गंधाली नावाच्या विद्यार्थिनीच्या काड्या पडद्यावर चालू लागल्या आणि मागच्या बाकावरून तिची चुलत बहीण ओरडली, “अरे, बड़े पापा!” उल्काने त्या दिवशी पूर्ण गुण दिले आणि पुढचं काही शिकवलं नाही. शिकवायला उरलं नव्हतं.

नोकरी मात्र कंत्राटी. दरवर्षी उन्हाळ्यात ती संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा लागायची. यंदा संचालक चंद्राकर सरांनी कायम करण्याचा शब्द दिला होता. “सम्मेलन हो जाने दीजिए मॅडम, फिर देखते हैं.” महाविद्यालयाच्या त्या वार्षिक संमेलनात तिची नवी फिल्म दाखवायची होती. एका सरकारी खात्यासाठी केलेली, तलाव स्वच्छ ठेवा सांगणारी. तिच्यात एक सेठजी रोज निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात, तलावात भिरकावतात, हात जोडतात आणि पवित्र होऊन घरी जातात.

फिल्म झाल्यावर तिने आईला दाखवली. मंदाकिनीबाई वाती वळत होत्या. सेठजी आले. आधी पोट, मागून उरलेले सेठजी. डावा हात पाठीशी चिकटलेला, उजवा एकटाच झुलतोय, आणि मधूनच एक छोटीशी उडी, जणू रस्त्याने चिमटा काढला.

“हा तं तुया साहेब व्हय,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

“कोण साहेब?”

“थोच, मागच्या सालच्या फंक्शनातला. मले हार घातला होता ना चुकून, पाहुणी समजून.”

उल्काने फिल्म मागे नेली, पुन्हा लावली आणि चंद्राकर सरांना ओळखून कपाळाला हात लावला. तिने ठरवून काही केलं नव्हतं. काम निकडीचं होतं, हाताला जी चाल आठवली ती हाताने काढली. डोक्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सेठजींना नवी चाल दिली. पोट आत, दोन्ही हात झुलते, उडी बंद. आईने ती पाहिली.

“काहून बिघडवला याले? चांगला चालून राहिला होता. आता कपाट ढकलल्यावानी दिसते.”

“आई, नोकरीचा सवाल हाये.”

“मंग कपाट ठेव. मले का करा लागते.”

उल्काने कपाट दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाला ‘हे माणूस नाही, लाकूड चालतंय’ असं म्हणताना तिची जीभ अडखळली. घरी येऊन तिने जुनी चाल परत बसवली. निदान मिशी तरी द्यावी म्हणून सेठजींना मिशी दिली. चंद्राकर सरांना मिशी नव्हती.

मिशीचा काही उपयोग झाला नाही. संमेलनात सेठजी पडद्यावर आले, उडी मारली आणि मुलांच्या रांगांतून आधी कुजबुज, मग हशा फुटला. कडेला उभी असलेली गंधाली म्हणाली, “मॅम, ये सेठजी ना... कुछ नहीं, मॅम.” पहिल्या रांगेत सर गंभीरपणे बघत होते. मग तेही हसले, खात्याच्या अधिकाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून हसले. माणूस आयुष्यभर आरशात तोंड बघतो. स्वतःला चालताना बघायची पाळी कोणावर येते? उल्काचा जीव भांड्यात पडला.

मग सरांना भाषणासाठी बोलावलं. ते उठले, मंचाकडे निघाले. टाळ्या हव्या तिथे खसखस पिकली. अर्ध्या वाटेवर सरांनी वळून पडद्याकडे पाहिलं. थांबलेल्या चित्रात सेठजी, एक हात पाठीशी. सरांनी पाठीमागचा डावा हात हळूच पुढे आणला. त्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून खिशात घातला.

महिन्याभरात उल्काच्या कायम नोकरीचं पत्र आलं. सही सरांचीच. फिल्मबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त कॉरिडॉरमध्ये उल्का समोरून आली की ते जागीच थांबतात आणि ती पार वळून जाईपर्यंत पाऊल उचलत नाहीत.

स्टाफरूममध्ये म्हणतात, सर मॅडमना किती मान देतात.