मस्तगडातला तांब्या

परभणीला बहिणीकडे निघालो तेव्हा आईने बजावलं होतं, "निजामाच्या मुलखात वाटेत कुठे उतरू नकोस." पण पुढे रूळ उखडलेत असं कळलं आणि गाडी भर दुपारी जालन्यालाच अडकली. संध्याकाळशिवाय हलणार नाही, म्हणाले. गावातल्या मस्तगड भागात ओळखीचे एक दुकानदार होते. तिकडे जायला टांगा केला.

बाजारात एक दुकान उघडं असेल तर शपथ. मध्येच कुठेतरी बंदूक वाजली. टांगेवाल्या कासीमने घोडा एका बोळात वळवला आणि थेट स्वतःच्या दारात उभा केला.

"मालक, जल्दी आत चला. म्होरं जायाचं काम न्हाई."

पुण्यात मी सुधारक म्हणून मिरवतो. इथे बाहेरच्या दालनात पाय पोटाशी घेऊन बसलो. घशाला कोरड पडली, पण पाणी मागवेना. कासीमच्या म्हाताऱ्या आईने ते ओळखलं असावं. ती मागच्या दाराने गेली, बऱ्याच वेळाने धापा टाकत आली आणि पितळी तांब्या माझ्यापुढे ठेवला. "पियो बेटा."

मुसलमानाघरचं पाणी, त्यात असे दिवस. काय कालवलं असेल कुणी सांगावं? तोंड धुतो म्हणून उठलो आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. रिकामा तांब्या पाहून म्हातारी केवढी खूश झाली!

उन्हं उतरली तशी गडबड निवळली. स्टेशनच्या वाटेवर, दोन गल्ल्या सोडून, कासीमने एका घरापुढे टांगा थांबवला. अंगणात तुळस होती. बाहेर आलेल्या बाईंच्या हाती त्याने तो तांब्या दिला.

बाई मला म्हणाल्या, "तुमीच का ते पाहुणे? गोळ्या सुटून राह्यल्या अन् म्हातारी पाणी मागायला आल्ती. म्हनली, बामन पाहुणा हाय, आमच्या भांड्यातलं पिनार न्हाई. मंग आडाचं ताजं पाणी दिलं. पेले ना पोटभर?"

"हो," मी म्हणालो. कासीम समाधानाने हसला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे फिरून म्हातारीचे पाय धरायला हवे होते. गाडी चुकेल, ही सबब मला पुरली.

आता पुण्यात जो तो विचारतो, "जालन्यात फार भीती होती म्हणे?"

"होती," म्हणतो. म्हातारी माझ्यासाठी गोळ्यांना भ्याली नाही, आणि मी तिच्याच घरात सुखरूप बसून तिला भ्यालो, हे सांगायला मात्र अजून जीभ रेटत नाही.