गिटारचा तो आवाज

पूल ओलांडता ओलांडता ताईच्या चपलेचा अंगठा तुटला. धाकटा भाऊ मात्र गिटार पोटाशी धरून पुढे चाललेला. बसमध्ये गिटारला धक्के लागतील म्हणून ही पायपीट, आणि तीही तिसऱ्या दुकानातून हात हलवत परत.

धाकटा फरशा बसवायचा. बसवलेली प्रत्येक फरशी बोटाच्या पेराने ठोकायची, पोकळ वाजली की उखडायची, ही त्याची खोड. आता ती गिटारला जडली होती. लहानपणी टेप झिजेपर्यंत ऐकलेलं एक जुनं रॉक गाणं. त्याच्या सुरुवातीची साधी गिटार जशी झणझणायची, तश्शी त्याला हवी होती. नव्या तारा झाल्या, जुन्या झाल्या, ताईच्या दुधाच्या पातेल्यात तारा उकळूनही झाल्या. त्या पातेल्याबद्दल तिने त्याला अजून माफ केलं नव्हतं.

घाई होती भोंग्यामुळे. भोंगा म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गाणारा. सोमवारी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. त्याआधी दोघांना ते गाणं रेकॉर्ड करायचं होतं.

“आवाज त्याचा जपायचाय ना? मग तुझी गिटार कशी का वाजेना,” तुटकी चप्पल ओढत ताई करवादली.

“तो म्हणतो, ती तशी वाजली की मी गातो. नाहीतर पाढे म्हटल्यासारखं होतं.”

घरी आल्यावर ती पाणी आणायला वळली, तर मागे ठकठक. धाकटा तिचं बुटकं लोखंडी कपाट ठोकत होता. माहेरचं कपाट. लहानपणी टेपरेकॉर्डर ह्याच्यावर असायचा आणि धाकटा नि भोंगा खाली बसून ते गाणं ऐकायचे. त्याने गिटार पत्र्याला टेकवून छेडली. पत्रा बारीक झणझणला. म्हणजे ती झणझण गिटारची नव्हतीच, ह्या कपाटाची होती. ताईला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

पण आवाज उठता उठता दबत होता. धाकट्याने वर पाहिलं. कपाटावर जाड फरशी होती, तिच्यावर ताईचे देव. पत्रा वाजू नये म्हणून फरशी त्यानेच पक्की बसवून दिली होती. हल्ली रोज तिथे हात जोडताना ताई भोंग्याचंही नाव घ्यायची; बोलली मात्र कुणाला नव्हती.

“ताई,” तो चाचरत म्हणाला, “सोमवारपर्यंत देवांना खाली घेशील? मला ती फरशी उखडायचीय.”