पाय नसलेला फुटबॉल

आमच्या भासऱ्यांनी एखादी नवी वस्तू पहिल्या भेटीत पसंत केली, असं सांगणारा माणूस अख्ख्या सानगडी गावात सापडायचा नाही. भासरे म्हणजे आमच्या यजमानांचे थोरले भाऊ. घरात काहीही नवं आलं की आधी त्यांच्यापुढे जायचं. ते भोवती एक फेरी मारत, वास घेत आणि खोट सांगत. प्रेशर कुकर आला तेव्हा म्हणाले, "भात शिजला का नाही, पाहाले झाकणच उघडता येत नाही. आंधळी हंडी हाये." बटण दाबल्यावर आपोआप उघडणारी छत्री आली, तर "मालक तयार हाये का नाही, हे पाहातच नाही ते," म्हणून तिला कोपऱ्यात उभं केलं.

तरुणपणी ते फुटबॉल खेळत, तेही अनवाणी. धान कापून झालं की तलावाखालच्या बांध्यांचं, म्हणजे धानाच्या शेतांचं, मैदान व्हायचं. तिथेच त्यांचा गुडघा गेला. मग पंच झाले. पुढे तेही जमेना, पण शिट्टी गळ्यातच राहिली. जेवण वाढायला उशीर झाला की वाजायची.

आणि हो, आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही, समोर बसायचं नाही. म्हणून मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं बोलणं भिंतीमार्फत. ते भिंतीला म्हणत, "चहात साखर कमी हाये म्हणा." मी आतून भिंतीला म्हणे, "खाली बसली हाये, ढवळून घ्या म्हणा." भिंतीने कधी कंटाळा केला नाही.

ऐंशी सालानंतरचा एक उन्हाळा होता. त्यांचे जावई भंडाऱ्याहून टीव्हीला जोडायचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम घेऊन आले. मित्राचा मागून आणलेला, संध्याकाळच्या एसटीने परत जाणार. एरवी आमच्या टीव्हीवर मुंग्याच जास्त. आता पडद्यावर दोन्हीकडे पांढऱ्या काड्या, मधात चौकोनी चेंडू आणि टुक-टुक आवाज. भासऱ्यांनी फेरी मारली.

"बॉल चौकोनी हाये. गोलकीपर उडी मारत नाही. ऑफसाइड तर नाहीच. आन् जावईबापू, पाय कुठी हायेत? पाय नाही तर फुटबॉल कायचा?"

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खेळायला बसले! पण सारखी शिट्टी. "काडीनं धक्का देल्ला!" जावई कंटाळून बाहेर गेले. यजमान बसले, तेही भांडून उठले. भासरे एकटेच काडी वरखाली करायची चकती फिरवत राहिले, समोरची काडी जागची हलेना. मैदानाबाहेर बसवलेल्या गड्यासारखा त्यांचा चेहरा मला दारातून दिसत होता, आणि एसटीची वेळ होत आलेली.

मी भिंतीला म्हटलं, "मी खेळू का म्हणा."

भासऱ्यांनी दुसरी चकती दाराकडे सरकवली. पण तिची वायर दारापर्यंत पुरेना. शेवटी सासूबाई उठल्या, दोघांच्या मधोमध पाट टाकून बसल्या. "मी भिंत हाये. खेळा आता."

"माय, तिले सांग, हा फाउल हाये."

"काडीले काडी लागलीच नाही म्हणा."

"माय, तिले म्हण, पंच मी हावो."

"अरे, भिंत हाये मी, पोस्टमन नाही!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने भिंत घोरायला लागली.

तेवढ्यात माझा गोल झाला. भासऱ्यांचा हात शिट्टीकडे गेला. मला वाटलं, झालं, फाउल. पण त्यांनी लांब शिट्टी वाजवली आणि हात मधल्या रेषेकडे केला. गोल दिला, स्वतःवरच.

जावई पिशवी घेऊन दारात उभे राहिले. भासऱ्यांनी चकती खाली ठेवली, गुडघ्यावरून हात फिरवला आणि पडद्याकडे पाहतच म्हणाले, "पाय लागत नाही याले. बरं हाये."

भिंत झोपलेलीच होती. मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी चहातली साखर पुन्हा भिंतीलाच कळली.

आता भासरे नाहीत. घरात नवं काही आलं की मी ते आधी त्या भिंतीपाशी ठेवते आणि घटकाभर थांबते. खोट कोणी काढत नाही. मग उचलून आत नेते.